पियानोवादकाला ठरलेली खुर्ची नसते

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला, राहणार ठाण्याची. पियानोच्या परीक्षांतली आठवी, म्हणजे सर्वांत वरची, ग्रेड डिस्टिंक्शनने पास झाली आहे. आता तिला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा द्यायच्या नाहीत, पियानोवादकच व्हायचं आहे. वडील तीन गोष्टी विचारतात: यात पोट भरतं का, त्यासाठी परदेशात जावंच लागतं का, आणि ‘नाहीच जमलं तर शिकवण्या करेल’ हा घरात मांडलेला हिशेब बरोबर आहे का.

मी मुंबईत पियानो वाजवते आणि शिकवते, दोन्ही बरीच वर्षं करत आले आहे. म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो हिशेब मला मान्य नाही. वादन न जमल्यावर शिकवायचं असतं, असं धरून जी मुलं या क्षेत्रात येतात ती स्टेजवर घाबरलेली असतात आणि वर्गात खट्टू. त्यांच्या विद्यार्थ्यांना हे पहिल्या महिन्यात कळतं. पियानोच्या दुनियेत वाजवणं आणि शिकवणं हा पहिल्यापासून एकच व्यवसाय आहे, आणि तुमच्या मुलीने त्यात यायचं तर दोन्हींची तयारी आत्तापासून करायला हवी.

याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. व्हायोलिन शिकलेल्या माणसाला ऑर्केस्ट्रात नोकरी मिळू शकते. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात तीसेक व्हायोलिनवादक तर लागतातच. पियानो मात्र मोझार्ट, बेथोव्हन, ब्राम्स यांच्या सिम्फनींमध्ये नाहीच. विसाव्या शतकातल्या काही रचनांना लागतो, तोही एक माणूस, तेवढ्यापुरता. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला तेव्हा इथल्या पाश्चात्य संगीतवाल्यांना फार आनंद झाला. पण कॉन्चेर्टो, म्हणजे एका वादकाने ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची रचना, असला की पियानोवादक पाहुणा म्हणून येतो, वाजवतो आणि जातो. महिन्याच्या पगाराची, ठरलेली खुर्ची पियानोवादकाला जगात जवळजवळ कुठेच नसते. त्यामुळे त्याचं उत्पन्न नेहमी अनेक वाटांनी येतं: मैफली, इतर वादकांना आणि गायकांना साथ, ध्वनिमुद्रण आणि शिकवणं. यातली सर्वांत खात्रीची वाट शिकवण्याची. थोरामोठ्यांचंही असंच होतं.

कार्ल चेर्नीचं नाव तिला माहीत असेल, त्याच्या एट्यूड्स, म्हणजे तंत्र घोटण्यासाठीच्या रचना, वाजवूनच ती इथवर आली असणार. हा लहानपणी बेथोव्हनकडे शिकला, १५ व्या वर्षापासून स्वतः शिकवू लागला, आणि १८१२ मध्ये बेथोव्हनच्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोचं व्हिएन्नातलं पहिलं वादन त्याने केलं. पुढे त्याच्याकडे एक हंगेरियन मुलगा आला, फ्रान्झ लिस्त. त्याला चेर्नीने पैसे न घेता शिकवलं, आणि लिस्तने आपल्या ‘ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स’ त्यालाच अर्पण केल्या. चेर्नीचा दुसरा शिष्य लेशेटित्स्की, त्याचे शिष्य पादेरेव्स्की आणि श्नाबेल, श्नाबेलचा शिष्य अमेरिकेतला लिऑन फ्लायशर. आपल्याकडे घराण्याची वंशावळ सांगतात तशीच ही सांगता येते, आणि तिच्यातला एकेक माणूस स्टेजवरही होता आणि वर्गातही.

मात्र करिअर म्हणून कोणाचं आयुष्य नीट अभ्यासावं असं विचाराल तर मी क्लारा शुमानचं नाव घेईन. जन्म लाइपझिगचा, १८१९. वडील फ्रीडरिश व्हीक पियानो शिकवायचे आणि पियानो विकायचेही. नवव्या वर्षी, १८२८ मध्ये, ती तिथल्या गेवांडहाउस या सभागृहात लोकांसमोर वाजवायला बसली. विशीच्या आत व्हिएन्ना गाजवली आणि ऑस्ट्रियाच्या दरबाराचा किताब मिळवला. १८४० मध्ये वडिलांच्या विरोधाशी कोर्टात लढून संगीतकार रॉबर्ट शुमानशी लग्न केलं. आठ मुलं झाली, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. १८५४ मध्ये रॉबर्ट मानसिक आजाराने रुग्णालयात गेला, १८५६ मध्ये वारला, आणि सात मुलांचं घर एकट्या क्लाराच्या बोटांवर आलं. ती जर्मनीभर फिरली, वारंवार इंग्लंडला गेली, हिवाळ्यामागून हिवाळे प्रवासात काढले. पूर्ण कार्यक्रम समोर स्वरलिपीचा कागद न ठेवता वाजवण्याची प्रथा रुळवणाऱ्यांत तिचं नाव पुढे आहे. हाताच्या दुखण्यामुळे मधले काही हंगाम तिला सोडावे लागले.

१८७८ मध्ये फ्रँकफुर्टला होख कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालय, उघडली आणि तिने तिथे पियानोची मुख्य शिक्षिका म्हणून पद घेतलं. तेव्हा ती साठीला टेकली होती, युरोपभर मान होता. तरीही तिने ही नोकरी उतारवयाची सोय म्हणून घेतली नाही. हिवाळ्यात दौऱ्यांसाठी मोकळीक हवी ही अट घातली आणि वाजवणं चालू ठेवलं. मारी आणि युजेनी या मुली मदतनीस म्हणून नवख्या विद्यार्थ्यांचा पाया घडवायच्या, मग ती मुलं क्लाराकडे जायची. शेवटचा जाहीर कार्यक्रम १८९१ मध्ये, नोकरी सोडली १८९२ मध्ये. फॅनी डेव्हिस, अॅडेलिना द लारा अशा तिच्या विद्यार्थिनींची ध्वनिमुद्रणं आज ऐकायला मिळतात. तुमच्या मुलीला ती जरूर ऐकवा. क्लाराचं स्वतःचं वादन ध्वनिमुद्रित झालेलं नाही. तिच्याबद्दल जे काही कानांनी कळतं ते या शिष्यांमुळे.

हे सगळं युरोपातलं, त्यांच्या घरात परंपराच होती, असं म्हणाल. म्हणून एक आशियातलं उदाहरण देते. पियानोवादक डांग थाई सोन, जन्म व्हिएतनाममधल्या हनोईचा, १९५८. आई थाई थी लिएन पियानोवादक, हनोईच्या संगीतशाळेच्या संस्थापकांपैकी एक. अमेरिकन बॉम्बफेक सुरू झाली तेव्हा ती संगीतशाळा खेड्यात हलवावी लागली, आणि या मुलाचं शिकणं तिथे, आईच्याच हाताखाली, जुन्या खराब पियानोवर झालं. १९७० मध्ये आईला पोलंडमधल्या वॉर्सातल्या, संगीतकार शोपँच्या नावाच्या पियानो स्पर्धेला पाहुणी म्हणून जायला मिळालं. येताना तिने शोपँच्या रचनांची पुस्तकं आणि रेकॉर्ड्स आणल्या. पुढे तो मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकला, आणि १९८० मध्ये ती स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई पियानोवादक झाला. एवढं यश मिळाल्यावर त्याने जपानमध्ये शिकवलं, मग कॅनडात, मग अमेरिकेत. २०२१ मध्ये वॉर्सात पहिला आलेला ब्रूस ल्यू त्याचा विद्यार्थी. २०२५ मध्ये पहिला आलेला एरिक लूही त्याच्याकडे शिकलेला. आईने मुलाला खेड्यात जे शिकवलं ते दोन पिढ्यांत त्याच स्पर्धेच्या मंचावर परत आलं. मला या माणसाबद्दल अतिशय आदर आहे, त्याच्या वादनाइतकाच त्याच्या वर्गाबद्दल.

आपल्याकडेही हेच चालत आलं आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. तिथे घडलेले वादक मुंबईत आले, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत वाजवू लागले, आणि संध्याकाळी शिकवू लागले. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. अशा घरगुती शिकवण्या नसत्या तर मुंबईत पाश्चात्य वाद्यसंगीत टिकलंच नसतं.

आता तुमच्या मुलीकडे येऊ.

आठवी ग्रेड डिस्टिंक्शनने मिळवणं हे कष्टाचं काम आहे आणि तिचं मनापासून कौतुक. पण या ग्रेड्स शाळकरी मुलांच्या प्रगतीची मोजपट्टी म्हणून बनवल्या आहेत. आठव्या ग्रेडला तीन किंवा चार रचना वाजवायच्या असतात, सगळ्या मिळून जेमतेम पाव तास. बरीच मुलं त्या रचना वर्षभर घोटतात, परीक्षा देतात आणि पुढच्या ग्रेडची पुस्तकं उघडतात. म्हणजे आठ वर्षांत त्यांच्या हाताखालून पंचवीस-तीस रचना जातात. कॉन्झर्व्हेटरीच्या प्रवेशपरीक्षेला साधारणपणे बाखचा एक प्रिल्यूड आणि फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत गुंफलेली रचना), हायडन, मोझार्ट किंवा बेथोव्हनचा आख्खा सोनाटा (अनेक भागांची रचना), शोपँच्या वगैरे एक-दोन एट्यूड्स, रोमँटिक काळातली एक मोठी रचना आणि विसाव्या शतकातलं काहीतरी, असा कार्यक्रम लागतो. तोही बहुतांशी पाठ. शिवाय कानाची परीक्षा आणि थिअरी वेगळी. आठवी ग्रेड आणि हा कार्यक्रम यांच्यात दोन ते तीन वर्षांचं अंतर असतं, रोज चार तास सराव धरून. हे अंतर कोणी स्पष्ट सांगत नाही आणि मग मुलं बारावीच्या सुट्टीत अर्ज भरून निराश होतात.

हे अंतर कापायला डिप्लोमाच्या परीक्षा उपयोगी पडतात. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम ही ब्रिटिश परीक्षा मंडळं. ट्रिनिटीचा एटीसीएल किंवा एबीआरएसएमचा एआरएसएम, या दोन्ही डिप्लोमांत अर्ध्या तासाचा किंवा त्याहून मोठा सलग कार्यक्रम वाजवावा लागतो. अर्धा तास एकाग्र राहून वाजवणं ही वेगळीच ताकद आहे, ती तीन रचनांनी येत नाही. ट्रिनिटीच्या डिप्लोमांमध्ये वादनाची आणि अध्यापनाची अशा वेगळ्या शाखा आहेत. माझं मत असं की दोन्ही कराव्यात.

परदेशात जावंच लागतं का? पियानोवादनाची पदवी हवी असेल तर बहुतेक वेळा हो. भारतात पर्याय मोजके आहेत, चेन्नईचं के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी २००८ पासून आहे, पणजीला कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे. दोन्हींकडे एकदा जाऊन वर्ग बघून यावेत. रोज आपल्यापेक्षा चांगलं वाजवणारी वीस मुलं आजूबाजूला असणं, चेंबर म्युझिकला, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताला, जोडीदार मिळणं, आठवड्याला चार मैफली ऐकायला मिळणं हे मात्र व्हिएन्ना, बर्लिन, बुडापेस्ट किंवा लंडनलाच होतं.

खर्चाची भीती अर्धी खरी आहे. अमेरिका आणि इंग्लंड महागच. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ पासून शिक्षणशुल्क नाही, पण तिथे सगळ्या वाद्यांचे मिळून दोनशेहून कमी विद्यार्थी असतात. तिथे जागा मिळेल असं धरून बेत आखू नये. जर्मनीतल्या सरकारी संगीत होखशुलेंमध्ये, म्हणजे संगीत महाविद्यालयांत, बहुतेक राज्यांत शुल्क नाममात्र आहे. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात, आणि जर्मन भाषा यावी लागते. आपल्याकडच्या खासगी इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच्या खर्चाशी तुलना करून बघा, मग ठरवा.

पोट भरतं का? शहरात, नीट शिकवणाऱ्या माणसाचं भरतं. आधी दिवसाचा आराखडा समजून घ्या. मुलं शाळेत असतात, त्यामुळे शिकवण्याचे तास दुपारी चारनंतर आणि शनिवार-रविवारी. स्वतःचा सराव सकाळी. आठवड्याला २५ विद्यार्थी, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे जवळपास १९ तास प्रत्यक्ष शिकवणं. त्यापलीकडे गेलं की पहिला बळी सरावाचा जातो आणि वर्षा-दोन वर्षांत वादनाचा हात जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं सुट्टी घेतात, मेमध्ये सगळेच गावाला जातात. म्हणून फी महिन्याऐवजी तिमाहीची घ्यावी आणि पहिल्या दिवशीच पालकांना स्पष्ट सांगावं. इंटरनॅशनल शाळांमध्ये संगीतशिक्षकाची पूर्णवेळ नोकरी मिळते, पगार नियमित असतो, पण पदवी मागतात आणि बराच वेळ कॉयर आणि गॅदरिंगच्या तयारीत जातो. साथसंगतीचं काम मात्र तरुण मुलं उगाच कमी लेखतात. व्हायोलिन, बासरी, गायन यांच्या ग्रेड परीक्षांना पियानोची साथ लागते आणि चांगला साथीदार मिळणं मुश्कील असतं. समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाजवता येणारा पियानोवादक माझ्या पाहण्यात तरी कामावाचून बसलेला नाही. मुलीला सांगा, रोज वीस मिनिटं नवीन कागद वाचायचा, न थांबता, चुका झाल्या तरी पुढे जायचं.

आता शिकवण्याच्या तयारीबद्दल, कारण तिथेच सर्वांत जास्त हयगय होते. चांगलं वाजवता येणाऱ्याला चांगलं शिकवता येतंच असं धरलं जातं. सहा वर्षांचं मूल पहिल्यांदा पियानोसमोर बसतं तेव्हा त्याचे पाय लोंबकळतात; पायांना आधार नसेल तर कंबर ताठरते, कंबर ताठरली की खांदा वर जातो, आणि मग मनगट मोकळं होतच नाही. माझ्याकडे पायांखाली ठेवायला वेगवेगळ्या उंचीचे पाट आहेत. हे कोणत्याही ग्रेडच्या पुस्तकात नसतं.

महाराष्ट्रातल्या मुलांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. बऱ्याच घरांत पेटी असते आणि मूल सा रे ग म गात आलेलं असतं. त्याचा कान उत्तम असतो. ऐकलेलं गाणं ते उजव्या हाताने लगेच काढतं. पण पेटीवर डावा हात भात्याला असतो आणि पट्टी हळू दाबली काय, जोरात दाबली काय, आवाज भात्यावर ठरतो. पियानोवर आवाज ठरतो तो बोट किती वेगाने आणि किती वजन घेऊन खाली जातं यावर. अशा मुलाला सुरुवातीचे काही महिने मी कागदच दाखवत नाही. डाव्या हाताने नुसता सा आणि प धरायला लावते, उजव्याने ते गातं ते वाजवायला, आणि मग मोठ्याने, हळू, अगदी हळू. त्याचा सा कुठेही सरकू शकतो हे त्याला माहीत असतं, त्यामुळे सी मेजरमधली धून जी मेजरमध्ये न्यायला त्याला अडत नाही. मोठ्या ग्रेडच्या मुलांना जे जड जातं ते हे मूल खेळता खेळता करतं. मग हळूहळू कागद आणायचा. बार्टोकने ‘मिक्रोकॉसमॉस’मध्ये १५३ तुकडे सहा भागांत सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत, पहिले दोन भाग मुलगा पीटरला अर्पण केलेले. त्यात डाव्या हाताला पहिल्या पानापासून मान आहे, म्हणून आपल्या मुलांसाठी ते मला फार मोलाचे वाटतात. शुमानचा ‘आल्बम फॉर द यंग’, बुर्गम्युलरच्या २५ एट्यूड्स, बाखच्या अॅना माग्डालेनाच्या वहीतले छोटे नाच, हे सगळं शिक्षकाच्या हातात पाठ असायला हवं, मुलाला अडलं तिथे लगेच वाजवून दाखवता येईल इतकं.

अशा शिकवण्याने स्वतःचं वादनही सुधारतं. एखादा फ्यूग चार आवाजांत मुलाला समजावताना आपल्यालाच कळतं की तिसरा आवाज आपण आजवर ऐकतच नव्हतो.

हाताबद्दल मात्र काळजीने सांगते. लिऑन फ्लायशर १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकला, आणि साठच्या दशकाच्या मध्यात त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळू लागली. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. पुढची तीसेक वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिला, वाद्यवृंद संचालन केलं, आणि बाल्टिमोरच्या पीबडी कॉन्झर्व्हेटरीत शिकवलं. नव्वदच्या दशकात दोन्ही हातांनी पुन्हा वाजवू लागला. मधल्या काळात त्याला संगीतात टिकवून ठेवलं त्यात शिकवण्याचा वाटा मोठा होता. तुमच्या मुलीने पन्नास मिनिटांनंतर दहा मिनिटं उठायचं, दुखलं की त्याच क्षणी थांबायचं, आणि ‘दुखणं सहन केल्याशिवाय हात तयार होत नाही’ असं कोणी सांगितलं तर त्या माणसाकडे शिकू नये.

वाद्याबद्दल थोडक्यात. घरात डिजिटल असेल तर आता अकूस्टिक पियानोवर जावं लागेल, निदान रोज दोन तास कुठेतरी मिळेल असं बघावं. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १५ ते २० टन. ठाणे-मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तारा गंजतात. भिंतीला चिकटवून ठेवू नका, पावसाळ्यात आत ओल धरू देऊ नका, आणि ऑक्टोबरमध्ये ट्यूनिंग कराच. जुना पियानो घेताना ट्यूनरला बरोबर न्या. तारा ताणून धरणाऱ्या पिनांची पकड गेलेला पियानो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

या वर्षी काय करायचं ते सांगते. बारावी नीट पास व्हायची; बाहेरच्या प्रवेशाच्या कागदपत्रांत ती लागते. बाखचा एक प्रिल्यूड आणि फ्यूग आणि बेथोव्हनचा एक आख्खा सोनाटा आत्तापासून हातात घ्यायचा. जर्मन भाषेचा वर्ग लावायचा. आणि शेजारचं एखादं लहान मूल, तिच्या स्वतःच्या गुरूंच्या देखरेखीखाली, आठवड्यातून एकदा शिकवायचं. दर तासानंतर काय चाललं, काय अडलं ते वहीत लिहायचं आणि गुरूंना दाखवायचं. मग एक वर्ष पदवीऐवजी केवळ तयारीसाठी मोकळं ठेवलं तर ते वाया गेलं असं कृपया समजू नका, पियानोत ते सर्वसाधारण आहे.

अर्ज भरण्याआधी, ज्या प्राध्यापकांकडे शिकायचं मनात आहे त्यांना तिने स्वतः पत्र लिहावं, वादनाचा व्हिडिओ पाठवावा आणि एक तास मागावा. पुष्कळ जण देतात, काही ऑनलाइनही देतात. त्या तासात ती कशी वाजवते हे ते बघतीलच. ते समजावून कसं सांगतात, चुकल्यावर काय करतात, त्यांच्यासमोर तिचा हात मोकळा राहतो की आखडतो, हे तिनेही बघावं. त्यांच्याबरोबर तिला चार वर्षं काढायची आहेत.